कॅम्पर व्हॅनचा धंदा करायचाय? आधी टायरचा हिशोब शिका



चॅनलवर सध्या एक प्रश्न फार येतोय. "दादा, कॅम्पर व्हॅन भाड्याने द्यायचा धंदा सुरू करायचाय, कसं करू?" प्रश्न योग्य आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, लोकांना हॉटेलच्या खोलीपेक्षा वेगळं काहीतरी हवंय, आणि भंडारदऱ्यापासून तारकर्लीपर्यंत स्वतःची चूल आणि स्वतःचा बिछाना घेऊन फिरायची हौस वाढलीय. परदेशात ज्याला मोटरहोम म्हणतात, तेच आपल्याकडे ट्रॅव्हलर किंवा मोठ्या व्हॅनवर बांधून घेतलं जातं.

लोक मला त्यांचं प्रोजेक्ट कॉस्टिंग पाठवतात. त्यात बेड असतो, एसी असतो, किचन, टॉयलेट, सोलर पॅनल, बाहेरचं रंगकाम, अगदी पडद्याच्या कापडाचा भावसुद्धा असतो. टायरच्या रकान्यात मात्र एकच शब्द: "ओके".

म्हणून आजचा लेख फक्त टायरवर. व्हिडिओत मी टायर हातात धरून दाखवलंय, इथे हिशोबासकट लिहून देतोय. माझं दुकान स्पेअर पार्ट्सचं आहे, टायरचं नाही. त्यामुळे तुम्ही कुठल्या कंपनीचा टायर घेता यात माझा एक रुपयाचाही फायदा नाही. वही-पेन घ्या आणि वाचा. तुमच्या गाडीत कोणाचं तरी अख्खं कुटुंब बसणार आहे, आणि त्यांचा जीव चार तळहाताएवढ्या रबरावर असणार आहे.

कॅम्परचे टायर वेगळे का?

प्रवासी ट्रॅव्हलर सकाळी भरते, संध्याकाळी रिकामी होते. मालाचा टेम्पो एका बाजूने भरून जातो, बऱ्याचदा रिकामा परत येतो. कॅम्पर मात्र कधीच रिकामी होत नाही. बेड, कपाटं, फ्रीज, बॅटरी, पाण्याची टाकी हे सगळं चोवीस तास गाडीवरच. गाडी अंगणात उभी असते तेव्हाही टायर ओझं उचलतच असतात.

दुसरी गोष्ट, कॅम्पर चालते कमी आणि उभी जास्त राहते. टॅक्सीचे टायर घासून संपतात. कॅम्परचे टायर बरेचदा म्हातारे होऊन संपतात. वरून नक्षी चांगली दिसते, आतून रबर कडक झालेलं असतं. यात नवा माणूस हमखास फसतो, कारण आपल्याला सवय आहे ती नक्षी बघून टायर पास करायची.

तर कॅम्परच्या टायरचे दोन शत्रू: वजन आणि वय. बाकी सगळं यांच्याच पोटात येतं.

पहिलं काम: वजनकाटा

गाडी बांधून झाली की बहुतेक जण आधी फोटो काढतात. तुम्ही आधी वजनकाट्यावर जा. कुठल्याही हायवेवर, मार्केट यार्डाबाहेर काटा सापडतो आणि पावती थोडक्या पैशांत मिळते.

पण जाताना गाडी रिकामी नेऊ नका. पाण्याची टाकी पूर्ण भरा, डिझेल भरा, सिलिंडर ठेवा, भांडीकुंडी, गाद्या, खुर्च्या, सगळं. जितकी माणसं बसणार तितकी बसवा. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो हे शाळेत शिकलोय, पण २०० लिटरची टाकी म्हणजे तीन धडधाकट माणसांचं वजन हे गाडी बांधताना कोणाच्या डोक्यात येत नाही. इन्व्हर्टरची एक मोठी ट्यूबुलर बॅटरी साधारण ५०-६० किलो भरते. दोन लावल्या की झालं क्विंटलभर.

काट्यावर या क्रमाने वजन करा:

१. पूर्ण गाडी.
२. फक्त पुढची चाकं काट्यावर.
३. फक्त मागची चाकं काट्यावर.
४. काटा जमिनीच्या समपातळीत असेल आणि काटेवाला तयार असेल, तर मागचं फक्त डावं चाक, मग फक्त उजवं.

पहिला आकडा आरसी बुकावरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. त्याच्या वर गेला असेल तर टायर बदलून उपयोग नाही, सामान कमी करा. जाड टायर घातला म्हणून गाडीची कायदेशीर क्षमता वाढत नाही. ब्रेक, पाटे, एक्सल सगळं कंपनीने त्या वजनासाठीच दिलंय.

चौथा आकडा का, ते उदाहरणाने बघू. समजा एका व्हॅनचं एकूण वजन ३,१०० किलो आलं. पुढे १,२७०, मागे १,८३०. मागे दोनच टायर आहेत आणि प्रत्येकाची क्षमता ९५० किलो. दोघांची मिळून १,९००. म्हणजे पास, बरोबर? आता बाजू वेगळ्या मोजल्या. डावीकडे १,०१० आणि उजवीकडे ८२०. कारण फॅब्रिकेटरने किचन, पाण्याची टाकी आणि बॅटरी, तिन्ही डाव्या अंगाला बसवलंय. बेरीज पास झाली, पण डावा टायर क्षमतेपेक्षा ६० किलो जास्त घेऊन पळतोय. उन्हाळ्यात, हायवेवर, तासन् तास.

यावर उपाय गाडी बांधायच्या आधी फुकटात होतो. नकाशा काढतानाच जड वस्तू डाव्या-उजव्या बाजूला वाटा. गाडी बांधून झाल्यावर तेच काम करायला सगळं फर्निचर उचकटावं लागतं.

टायरवरची अक्षरं वाचायला शिका

टायरच्या बाजूवर त्याची अख्खी कुंडली लिहिलेली असते. एक नमुना घेऊ: १९५ आर १५ एलटी १०६/१०४ एन.

१९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. काही टायरवर २१५/७५ असं असतं, त्यात ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. एलटी किंवा सी ही अक्षरं सांगतात की हा टायर हलक्या व्यावसायिक गाडीसाठी आहे, साध्या कारसाठी नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, १०६/१०४. याला लोड इंडेक्स म्हणतात. हा आकडा म्हणजे किलो नव्हे, तक्त्यातला नंबर आहे. वहीत उतरवून घ्या:

१०० म्हणजे ८०० किलो
१०२ म्हणजे ८५० किलो
१०४ म्हणजे ९०० किलो
१०६ म्हणजे ९५० किलो
१०८ म्हणजे १,००० किलो
११० म्हणजे १,०६० किलो
११२ म्हणजे १,१२० किलो

दोन आकडे का? पहिला एकट्या टायरसाठी, दुसरा मागे जोड टायर असतील तेव्हा प्रत्येकासाठी. जोडीत क्षमता थोडी कमी धरतात, कारण दोन टायर अगदी सारखं ओझं कधीच वाटून घेत नाहीत.

शेवटचं अक्षर वेगाचं. एल म्हणजे ताशी १२०, एन म्हणजे १४०, क्यू म्हणजे १६० किलोमीटर. ही मर्यादा आहे, शिफारस नाही. कॅम्पर ८० च्या आसपास चालवली तर टायर, डिझेल आणि कपाटातल्या प्लेटा, तिन्ही टिकतात.

टायरवर आयएसआय मार्क असतो तो बघा. आपल्याकडे टायरला तो सक्तीचा आहे.

निवडीचा नियम सोपा: काट्यावर ज्या चाकावर सगळ्यात जास्त वजन आलं, त्याच्यापेक्षा टायरची क्षमता निदान १०-१५ टक्के जास्त हवी. ८२० किलो येत असतील तर ९५० वाला आरामात चालतो. ९३० येत असतील तर ९५० वाला कागदावर चालतो, रस्त्यावर त्याच्याकडे शिल्लक काही राहत नाही.

टायरची जन्मतारीख

टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा, बहुतेक वेळा एका लांबट चौकटीत असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २२१९ म्हणजे २०१९ सालचा २२ वा आठवडा. एका बाजूला दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून दुसऱ्या बाजूला बघा, कधीकधी ते आतल्या अंगाला येतात.

काही मोठ्या टायर कंपन्यांचं म्हणणं असं, की ५ वर्षं वापर झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि उत्पादनापासून १० वर्षं झाली की टायर कितीही चांगला दिसो, काढून टाका. हा सर्वसाधारण सल्ला आहे. आपली गाडी कायम भरलेली, आपल्याकडचं ऊन कडक, आणि आत पैसे देऊन बसलेली माणसं. म्हणून मी माझ्या बॅचला सांगतो, धंद्याच्या कॅम्परला ५ वर्षांनंतर टायर बदलायची तयारी ठेवा आणि ७ च्या पुढे ओढू नका.

दुकानात काय करायचं? नवीन टायर घेताना तारीख स्वतः वाचा. दुकानदार "कालच आलाय" म्हणेल, आणि तो खरंच काल त्याच्याकडे आला असेल, पण गोदामात दोन वर्षं पडून होता की नाही ते टायरच सांगेल. वर्षाच्या आतला माल मागा. बिलावर टायरचा सिरियल नंबर आणि तारीख लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तेच कामाला येतं.

सेकंडहँड कॅम्पर घेणाऱ्यांनी तर हे पाठच करा. आमच्या बॅचमधल्या एकाने २०२४ मध्ये जुनी व्हॅन बघितली. विकणारा सांगत होता, "टायर बघा, बटणं कशी उभी आहेत, फक्त १८ हजार चाललेत." ह्याने वाकून आकडे वाचले, ३८१५. नऊ वर्षांचे टायर! पाच नवीन टायरचं कोटेशन त्याने तिथल्या तिथे फोनवर मागवलं आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घेतली. वाद नाही, भांडण नाही. चार आकडे वाचता आले एवढंच.

कुठला घ्यायचा, कुठला टाळायचा

रेडियल की नायलॉन? हायवेवर लांबचा प्रवास असेल तर रेडियल कमी तापतो आणि जास्त टिकतो. पण एकाच एक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन कधीही घालू नका, गाडी ओढते.

कारचा टायर? नको. दुकानात साइज जुळली की स्वस्तातला कारचा टायर दाखवतात. त्याचा लोड इंडेक्स कमी असतो. साइज जुळणं आणि क्षमता जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रुंद टायर आणि अलॉय? इन्स्टाग्रामवर छान दिसतात. पण रिमलाही वजनाची मर्यादा असते. अलॉय घ्यायचेच असतील तर त्यांची भार क्षमता लेखी विचारा. जो विक्रेता ती सांगू शकत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

रिमोल्ड? ट्रकवाले मागच्या चाकांना रिमोल्ड वापरतात आणि चांगल्या कारखान्याचा रिमोल्ड हा काही वाईट माल नाही. पण पुढच्या चाकांना तो नकोच, आणि भाड्याच्या कॅम्परला माझ्या मते कुठेच नको. तुम्ही स्वतः गाडी चालवत नसता, गिऱ्हाईक चालवतं किंवा बदली ड्रायव्हर चालवतो. दगडावरून कशी नेली ते तुम्हाला कळत नाही.

व्हॉल्व्ह? पंचवीस-पन्नास रुपयांची वस्तू, म्हणून कोणी विचारत नाही. साधे रबरी ट्यूबलेस व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतच्या हवेसाठी असतात. तुमच्या गाडीला त्याच्यापेक्षा जास्त हवा लागत असेल तर धातूचे व्हॉल्व्ह बसवा. आणि टायर बदलताना व्हॉल्व्हही बदला, दरवेळी.

हवा: रोजचा प्रश्न

"दादा, हवा किती मारू?" याचं एकच उत्तर सगळ्या गाड्यांना लागू होत नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर कंपनीने बनवलेल्या गाडीसाठी आहे. तुम्ही वर घर बांधलंय. टायरच्या बाजूवरचा आकडा सर्वात जास्त ओझ्यासाठीचा आहे. बरोबर उत्तर असं काढतात: काट्याची पावती घ्या, प्रत्येक एक्सलवरचं जास्त वजनाचं चाक धरा, आणि टायर कंपनीच्या डीलरकडून त्या टायरचा वजन आणि हवेचा तक्ता मागा. त्यात त्या वजनासमोर जी हवा येईल, ती त्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना सारखीच भरा. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी असं करायचं नाही.

आकडा मिळाला की मडगार्डवर, चाकाच्या वर, छोट्या अक्षरात रंगवून टाका. एसटीच्या गाड्यांवर बघा कधी, चाकाजवळ हवेचा आकडा लिहिलेला दिसतो. उगाच नाही लिहीत.

हवा तपासायची ती थंड टायरची. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे. पंपावर १५ किलोमीटर पळवत नेली तर टायर तापलेला, आकडा वाढलेला. ६५ पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी वाढलं की हवा साधारण अडीच पीएसआयने वाढते. म्हणूनच दुपारी आकडा वाढलेला बघून हवा सोडायची नाही. ही चूक अनेक जुने ड्रायव्हरही करतात. संध्याकाळी टायर थंड झाला की हवा कमी पडते, आणि दुसऱ्या दिवशी तोच टायर जास्त दबून जास्त तापतो.

टायर फुटण्यामागे "जास्त हवा झाली" असं आपण सर्रास म्हणतो. बहुतेक वेळा उलटं असतं. हवा कमी, वजन जास्त, वेग जास्त. टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते, आतल्या तारांपासून रबर सुटतं, आणि मग आवाज होतो. समृद्धी महामार्गासारख्या सरळ काँक्रीटच्या रस्त्यावर हे जास्त जाणवतं. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर, ना सिग्नल, ना गाव. टायरला थंड व्हायला वेळच मिळत नाही. दर दोन तासांनी थांबा, चहा घ्या, हात टायरजवळ नेऊन बघा. एक टायर बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागला तर काहीतरी बिघडलंय: हवा कमी, ब्रेक चिकटलेला किंवा बेअरिंग.

नायट्रोजन भरावा का? परवडत असेल तर भरा, पण जादू समजू नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरून महिनाभर न तपासणाऱ्यापेक्षा साधी हवा भरून दर आठवड्याला तपासणारा जास्त सुरक्षित.

एक गेज विकत घ्या. पंपावरचा गेज दिवसाला शंभर वेळा आपटलेला असतो. आणि जमत असेल तर टायर प्रेशरचे सेन्सर लावा. व्हॉल्व्हवर बसतात आणि ड्रायव्हरसमोर आकडे दाखवतात. भाड्याच्या गाडीला हा खर्च वसूल होतो.

मागे जोड टायर असतील तर

मोठ्या ट्रॅव्हलरवर कॅम्पर बांधली असेल तर मागे चार टायर. इथे आतला टायर हा मोठा दगाबाज. तो पंक्चर झाला तरी बाहेरचा गाडी धरून ठेवतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. बाहेरचा मात्र दोघांचं ओझं घेऊन पळत असतो आणि थोड्या वेळाने तोही जातो. लाथ मारून हवा बघायची पद्धत इथे फसते. आतल्या व्हॉल्व्हला एक्स्टेंशन लावून घ्या म्हणजे गेज पोहोचतो.

जोडीतले दोन टायर एकाच साइजचे, एकाच प्रकारचे आणि जवळपास सारखे घासलेले हवेत. एक नवा, एक गोटा झालेला असं केलं तर उंच टायर जास्त ओझं घेतो आणि बुटका रस्त्यावर घासटत जातो. दोन्हींच्या मधे दगड अडकलाय का ते प्रत्येक मुक्कामाला बघा.

टायर घासतो ते काय सांगतो

फक्त मध्यभागी घासला: हवा जास्त.
दोन्ही कडा घासल्या: हवा कमी किंवा वजन जास्त.
एकच कड घासली: अलाइनमेंट बिघडलंय.
जागोजागी खड्डे-उंचवटे: बॅलन्सिंग, शॉकअप किंवा पाट्यांचं काम.
बाजूला फुगा आला: टायर गेला. त्याच दिवशी बदला, "या ट्रिपपुरता" नाही.

कायद्याने चारचाकीच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की मुदत संपली. पण पावसात घाट उतरायचा असेल तर तिथपर्यंत थांबू नका. ३ मिलिमीटरला टायर बदलणारा मालक मला जास्त शहाणा वाटतो. अलाइनमेंट आणि टायरची अदलाबदल दर ८-१० हजार किलोमीटरला, आणि कमी चाललेली गाडी असेल तर वर्षातून एकदा तरी. चाक उघडून बसवलं की ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

पावसाळा: गाडी उभी, टायर कामावर

आपल्याकडे जून ते सप्टेंबर बुकिंग कमी. गाडी शेतात किंवा सोसायटीमागे चिखलात उभी राहते. चार महिन्यांनी दिवाळीचं बुकिंग येतं आणि गाडी थेट रस्त्यावर. हे करू नका. उभी ठेवताना एवढं करा:

१. मातीवर नको. काँक्रीटवर किंवा लाकडी फळ्यांवर उभी करा, फळी टायरच्या पूर्ण रुंदीला पुरली पाहिजे.
२. पाण्याची टाकी रिकामी करा, सिलिंडर आणि सुटं सामान उतरवा.
३. हवा पूर्ण ठेवा, कमी नको.
४. महिन्यातून एकदा १५-२० किलोमीटर फिरवून आणा. नुसती पुढेमागे हलवली तर टायर दुसऱ्या जागी दबतो एवढंच. चालवल्याने रबरातलं संरक्षक द्रव्य पृष्ठभागावर येतं आणि तडे उशिरा जातात.
५. ऊन लागत असेल तर टायर झाका. जुन्या ताडपत्रीचे तुकडेही चालतात.
६. टायर काळे चकचकीत करायला डिझेल किंवा ऑइल फासू नका. रबर खराब होतं. साबणाचं पाणी पुरे.

पैशाचा हिशोब

आता बीबीएवाला माणूस जागा होतो. समजा एक टायर ८,००० रुपयांचा. चार आणि एक स्टेपनी, ४०,००० रुपये. आयुष्य ५ वर्षं धरलं. म्हणजे वर्षाला ८,००० रुपये. वर्षात ४० बुकिंग होत असतील तर प्रत्येक बुकिंगमागे २०० रुपये. गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर चालत असेल तर किलोमीटरमागे १ रुपया.

तुमच्या भागातला भाव घालून हे गणित स्वतः करा. मग प्रत्येक बुकिंगचे पैसे आले की तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. खात्याला नाव द्या "टायर". पाच वर्षांनी ४०,००० तयार असतात. ज्याच्याकडे हा फंड नसतो, त्याला नक्षी शिल्लक असलेला सहा वर्षांचा टायर काढून टाकायला जिवावर येतं. निर्णय टायर बघून होत नाही, खिसा बघून होतो. आणि तिथेच धोका असतो.

दुसरी बाजू बघा. दिवसाला ८,००० रुपये भाडं धरलं तर तीन दिवसांची ट्रिप २४,००० ची. वाटेत टायर गेला, स्टेपनी जुनी निघाली, ट्रिप अर्ध्यावर मोडली. परतावा द्या, त्या कुटुंबाच्या परतीच्या गाडीचा खर्च द्या, आणि गूगलवर एक स्टार कायमचा चिकटतो. कोणाला इजा झाली तर कुठलंच गणित पुरत नाही.

गाडी गिऱ्हाईकाच्या हातात देताना

हँडओव्हरचा एक कागद बनवा. त्यात प्रत्येक टायरची हवा, नक्षी, काही कट असेल तर त्याची नोंद. चारही टायरचे आणि स्टेपनीचे फोटो, गिऱ्हाईकासमोर काढलेले. दोघांच्या सह्या. करारात आधीच लिहा, साधं पंक्चर कोणाचं, आणि दगडाने बाजू फाटली तर कोणाचं. नंतरचा वाद टळतो. बाजूला पंक्चर झालं तर ते काढून घ्यायचं नसतं, टायर बदलायचा असतो, हेही गिऱ्हाईकाला सांगा. रस्त्यावरचा एखादा पंक्चरवाला "होऊन जाईल साहेब" म्हणतो.

गाडीत काय हवं: भरलेल्या गाडीचं वजन उचलेल असा बॉटल जॅक, जॅकखाली ठेवायला जाड फळी, नटाला बसणारा पाना आणि त्याला लांब पाइप, चाकामागे लावायला दोन ओंडके, रिफ्लेक्टर त्रिकोण, टॉर्च, गेज. स्टेपनीची हवा आणि तारीखही तपासा, गाडीखाली लटकलेली स्टेपनी सगळ्यांच्या विस्मरणात असते.

आणि गिऱ्हाईकाला तोंडी दोन गोष्टी नक्की सांगा. एक, घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा, सतत ब्रेक दाबून ठेवू नका, ब्रेकची उष्णता रिममधून टायरला जाते. दोन, टायर फुटलाच तर जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, गाडी सरळ ठेवा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा, वेग आपोआप कमी होऊ द्या आणि मग कडेला घ्या. हे एक मिनिटाचं बोलणं आहे. घाई असली तरी टाळू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी: पाचही टायरचे चार आकडे वहीत लिहा, भरलेली गाडी काट्यावर न्या, पावती फाइलला लावा.

ज्यांची गाडी अजून बांधायची आहे त्यांनी: फॅब्रिकेटरला अॅडव्हान्स द्यायच्या आधी प्रत्येक जड वस्तूचं वजन आणि तिची जागा कागदावर मांडा. डावी बाजू, उजवी बाजू, बेरीज करा. दोन्ही बेरजा जवळपास सारख्या येईपर्यंत नकाशा बदलत राहा. पेन्सिल आणि खोडरबरात हे काम होतं.

आणि कॉस्टिंगच्या कागदावर टायरच्या रकान्यात "ओके" खोडून तिथे तीन गोष्टी लिहा: लोड इंडेक्स, तारीख, आणि दर बुकिंगमागे बाजूला टाकायची रक्कम. तो कागद मला पाठवा, पुढच्या व्हिडिओत त्यातले काही हिशोब आपण एकत्र तपासू.

भेटू पुढच्या भागात. धंदा करा, पण डोळे उघडे ठेवून करा!